तीन तास चाळीस मिनिटं

“सर, हे तोंड बघा. टाळूला गाठ आहे,” पॉलिशताई म्हणाली आणि खोक्यातला साचा तिने माझ्या टेबलावर ठेवला.

आमच्या धंद्यात माणूस येत नाही, त्याचं तोंड येतं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घेतात, त्यात प्लॅस्टर ओतून साचा करतात आणि तो खोक्यात घालून आमच्या लॅबला पाठवतात. आम्ही त्यावर आधी मेणात दात बसवतो, मग त्याची पक्की कवळी करून परत पाठवतो. चिठ्ठीवर नाव नसतं. केसचा नंबर, वय, स्त्री की पुरुष, दातांची छटा आणि कधी पाहिजे ती तारीख, एवढंच असतं. या चिठ्ठीवर लिहिलं होतं : केस ११८, वय ७३, पुरुष, वरची आणि खालची पूर्ण कवळी.

मी साचा उचलून खिडकीकडे धरला. टाळूच्या मधोमध वाटाण्याएवढा उंचवटा होता. त्याच्या पुढच्या बाजूला टाळूवरच्या वळ्या होत्या. या वळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. दात पडतात, हिरड्या झिजतात, वळ्या तशाच राहतात. या माणसाची डावीकडची तिसरी वळी टोकाला फाटून दोन झाली होती, गलोलीच्या बेचक्यासारखी.

मी उठलो. दारामागच्या फळीवरून एक जुना साचा काढला. पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात टवका उडालेला. त्यात सगळे दात होते. पुढचा डावा दात शेजारच्या दातावर किंचित चढला होता. मी दोन्ही साचे शेजारी ठेवले. तोच वाटाणा. तेच बेचकं.

“कुणाचं आहे?” पॉलिशताईने विचारलं.

“मास्तरांचं.”

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. ती लॅबमध्ये चौदा वर्षं कवळ्यांना पॉलिश करते, त्यातली पहिली तीन मास्तरांच्या शेजारच्या स्टुलावर.

“आपल्या मास्तरांचं? सगळे दात गेले?” तिने साच्यावरून अंगठा फिरवला. “जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात दात घातले या माणसाने.”

ती चिठ्ठी घेऊन पेन शोधू लागली. आमच्या चिठ्ठीवर तीन छापील रकाने आहेत : सुरुवात, शेवट, मिनिटं. ते मी छापून घेतलेले आहेत. ते भरल्याशिवाय लॅबमधून एकही खोकं बाहेर जात नाही.

“कुणाकडे देऊ?”

“मी करतो.”

“तुम्ही?” ती हसलीच. “सर, मेणाला हात लावून तुम्हाला आठ वर्षं झाली. मागे एकदा दिवा पेटवलात तर पडदा पेटला होता.”

“पडदा नव्हता, वर्तमानपत्र होतं.”

“मग ठीक आहे. वर्तमानपत्रं आवरून ठेवते.”

तेवढ्यात फोन वाजला. उद्योजकता प्रशिक्षण वर्गाच्या बाई होत्या. अकरा वर्षांपूर्वी मी त्यांच्या वर्गात बसलो होतो. आता दर तुकडीला एकदा जुन्या विद्यार्थ्याला बोलावतात, या वेळी माझी पाळी होती.

“पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी, अकरा वाजता,” बाई म्हणाल्या. “आणि भाषण नको हं. तुमची ती तीन तास चाळीस मिनिटांचीच गोष्ट सांगा. मी अजून प्रत्येक तुकडीला तेच उदाहरण देते. आता मूळ माणसाच्या तोंडून ऐकू दे त्यांना.”

मी हो म्हटलं. समोर दोन्ही साचे उघडे पडले होते.

*

मास्तर मला भेटले ते एका मोठ्या दंतरुग्णालयाच्या तळघरातल्या लॅबमध्ये. मी एकोणीस वर्षांचा होतो. पहिल्या दिवशी नव्या माणसाने मास्तरांच्याच तोंडाचा ठसा घ्यायचा, अशी तिथे पद्धत होती. मास्तर खुर्चीत मान मागे टाकून बसले, मी त्यांच्या तोंडात ती गार, चिकट लगद्याने भरलेली पळी कोंबली. लगदा जास्त झाला होता. तो घशाकडे उतरला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्यांनी हात हलवला नाही. तीन मिनिटांनी मी पळी काढली तेव्हा ते खोकून खोकून म्हणाले, “आता कळलं ना माणसाचा जीव कुठे अडकतो? यापुढे प्लॅस्टर बघताना हे लक्षात ठेव.” फळीवरचा जुना साचा तो.

मला ते घाईराव म्हणत. मी मेण थंड व्हायच्या आत कापायला घ्यायचो म्हणून. कवळी झाली की मास्तर डॉक्टरांकडे जाऊन पेशंटला टोस्ट खायला लावत आणि आपण डोळे मिटून ऐकत. “आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. दोन्हीकडून सारखा आवाज आला तर आपलं काम संपलं. नाही आला तर पेशंट काहीही म्हणू दे, संपलं नाही.”

सहा वर्षांनी मी एक गॅरेज भाड्याने घेऊन स्वतःची लॅब काढली. मास्तर नोकरी सोडून माझ्याकडे आले. कागद नाही, करार नाही. “तू धंदा बघ, मी दात बघतो,” एवढंच ठरलं.

मला धंदा बघता येत नव्हता. एक डॉक्टर म्हणाले बुधवारी पाहिजे, मी हो म्हणायचो. दुसऱ्यांनी तोच बुधवार मागितला, त्यांनाही हो. नाही म्हटलं की गिऱ्हाईक तुटतं, अशी माझी समजूत होती. खोकी माझ्या टेबलावर साचत. कुठलं आधी द्यायचं ते मला ठरवता येत नसे, म्हणून मी दोन दोन दिवस काहीच देत नसे. मास्तर रिकामे बसून चाकू पुसत आणि विचारत, “घाईराव, आज सुट्टी आहे का?” मग बुधवार उजाडला की तीन केस एकदम त्यांच्या पुढ्यात टाकून मीच ओरडायचो. दोन डॉक्टरांनी काम देणं बंद केलं. तिसऱ्यांनी सांगितलं, तुम्ही माणूस चांगले आहात पण पेशंट माझ्याकडे बोळक्या तोंडाने येतो आणि मला शिव्या देतो. लॅब आणखी चार महिने टिकली नसती.

म्हणून मी त्या वर्गात नाव घातलं. आठ शनिवार. तिथे मी जे शिकलो त्यातलं बरंच खरं होतं, हे सांगायला हवं. तारीख देण्याआधी हातात किती काम आहे ते बघायचं, हे मी तिथे शिकलो. आपल्या कामाचा दर मान वर करून सांगायचा, हेही. बाई हुशार होत्या, माणसाला कमी लेखत नसत. सहाव्या शनिवारी त्यांनी गृहपाठ दिला. प्रत्येकाने आपल्या धंद्यातलं एक काम निवडायचं, घड्याळ लावून मोजायचं आणि वेळ कुठे गळतो ते वर्गापुढे मांडायचं.

मी मास्तरांना सांगितलं. ते हरखले.

“तुझी परीक्षा आहे म्हणजे.”

“परीक्षा नाही हो, गृहपाठ.”

“तेच ते. कुणाची कवळी करायची?”

“कुणाची नाही. नमुना म्हणून. मेणात दात बसवून दाखवायचे, एवढंच.”

“कुणाची नाही असं कसं चालेल? तोंड कुणाचं तरी पाहिजे.” त्यांनी कपाटातला एक जुना, बेवारस साचा काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. “ही शिक्षिका आहे. एकसष्ट वर्षांची. डाव्या बाजूने चावते. हसताना तोंडावर हात ठेवायची सवय आहे. तिला हात ठेवावा लागणार नाही अशी करू.”

मी स्टॉपवॉच त्यांच्यासमोर ठेवलं, कारण त्यांना आकडे दिसायला हवे होते. दुपारी दोनला सुरुवात केली. पावणेचारला शेवटचा दात बसला. मास्तर नेहमीसारखे मागे रेलले, चाकू फडक्याला पुसला, मान तिरकी करून कवळीकडे पाहिलं. त्यांचं काम झालं की ते हे तीनच करत, याच क्रमाने. मी घड्याळ पाहिलं. एक तास पंचेचाळीस मिनिटं.

मग त्यांनी पुन्हा चाकू उचलला.

“झालं ना, मास्तर?”

“झालंय. पण तुझ्या परीक्षेचं आहे. उगाच उरकून दिलं असं वाटायला नको.”

त्यांनी पुढचे सहा दात काढून पुन्हा बसवले. हिरडीच्या मेणावर सुईने बारीक बारीक ठिपके दिले, खऱ्या हिरडीला असतात तसे. डावीकडच्या दाढेला किंचित झिजवलं, बाई डावीकडून चावतात म्हणून. पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी घड्याळाचं बटन स्वतःच्या बोटाने दाबलं आणि ते माझ्याकडे सरकवलं. “घे. आता तुला कोण नापास करतो बघू.”

मी कागदावर तीन तास चाळीस मिनिटं लिहिलं.

पावणेदोन तास लिहिलं असतं तर गृहपाठात काही उरलं नसतं. वेळ मास्तरांच्या हातात गळत नव्हता, तो माझ्या टेबलावर गळत होता. हे मला कागद भरताना माहीत होतं. नंतर कधीतरी कळलं असं नाही, तेव्हाच माहीत होतं. पण पंचवीस लोकांपुढे उभं राहून आपलं टेबल दाखवण्यापेक्षा दुसऱ्याचा हात दाखवणं सोपं होतं. आणि तीन तास चाळीस हा आकडा काही खोटा नव्हता. घड्याळाने तोच दाखवला होता.

वर्गात कवळी हातोहात फिरली. एक जण म्हणाला, “सुंदर आहे, पण एवढं कशाला?” सगळे हसले. मी फळ्यावर आकडे मांडले, टाळ्या पडल्या, मला पहिला क्रमांक मिळाला. कवळी मी स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि उन्हात विसरलो. संध्याकाळी डिकी उघडली तर मेणाचा गोळा झाला होता, त्यात दात कसेही रुतलेले. मी तो वाटेतल्या कचरापेटीत टाकला. मास्तरांनी विचारलं तेव्हा सांगितलं, त्यांनी वर्गाच्या काचेच्या कपाटात ठेवली.

पुढची पायरी अंमलबजावणीची होती. प्रमाणपत्राशेजारी मी तो वेळेचा तक्ता लॅबच्या भिंतीवर लावला. दात बसवायला तयार पट्टी आणली, तीन मापांची. तोंड लहान, मध्यम, मोठं. एका कवळीला पन्नास मिनिटं. मास्तरांनी तीन महिने प्रयत्न केला. पट्टी लावायचे, दात बसवायचे, मग पट्टी काढून एखादा दात हलवायचे आणि घड्याळाकडे बघून परत होता तसा ठेवायचे. एका गुरुवारी जेवणानंतर त्यांनी आपला दिवा, दोन चाकू आणि सुई फडक्यात गुंडाळली.

“माझ्या हाताला हे जमत नाही, घाईराव.”

थांबा, एवढं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “बघा तुम्हाला कसं सोयीचं वाटतं.”

लॅब गॅरेजमधून दोन मजल्यांवर गेली. आज अकरा माणसं आहेत.

*

केस ११८ ला मला चार दुपारी लागल्या. पहिल्या दिवशी मेण जळलं. दुसऱ्या दिवशी दात बसले, पण त्या तोंडात ते कुणाचेही असू शकले असते. तिसऱ्या दिवशी मी जुना साचा समोर ठेवून पुढचा डावा दात शेजाऱ्यावर चढवला. जास्त झाला. काढला, पुन्हा बसवला. पट्टी खणातच होती.

पॉलिशताई मागे येऊन उभी राहिली.

“हा वाकडा बसलाय.”

“मुद्दाम.”

“डॉक्टर परत पाठवतील.”

“पाठवू देत.”

तिने कवळी पॉलिशला नेली आणि बराच वेळ चाक फिरवत बसली. खोकं बंद करताना म्हणाली, “चिठ्ठीवर मिनिटं भरायची राहिलीत.”

“राहू देत.”

“तुम्हीच म्हणता, रकाना रिकामा असला तर खोकं—”

“ताई, बंद करा ते.”

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांचा फोन आला. “केस ११८ चे आजोबा. गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत, म्हणून मी घरी जाऊन बसवली. खालची जरा टोचते. मी घासतो म्हटलं तर हातच लावू देत नाहीत. म्हणाले, ज्याने केली त्याला पाठवा. मी म्हटलं, लॅबची माणसं घरी येत नसतात. तर म्हणतात, हा येईल.”

*

शुक्रवारी चार वाजता मी गेलो. तळमजल्यावर दोन खोल्या. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि वळून आत म्हणाल्या, “आला बघा तुमचा.”

मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. खूप बारीक झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून तोंड उघडलं आणि दात दाखवले. पुढचा डावा दात शेजाऱ्यावर किंचित चढलेला. क्षणभर मला तळघरातली लॅब दिसली.

“ये, घाईराव. किती वळवलास हा?”

“साच्यावरून घेतला. जुन्या.”

“अजून आहे तो?”

“फळीवर आहे. नव्या माणसाला दाखवतो.”

“मी आरशात पाहिलं आणि म्हटलं, ही भानगड कुणाची ते मला माहीत आहे. जगातल्या कुठल्याही लॅबला हा दात माहीत असायचं कारण नाही.” ते हसले. “ही तर म्हणाली, नवरा परत आला.”

“मी असलं काही म्हटलं नाही,” काकू आतून म्हणाल्या. “मी म्हटलं, आता तरी स्पष्ट बोला. दोन वर्षं तुम्ही भाजी म्हणालात की मला साबण ऐकू येतंय.”

मी निळा कागद काढला. तो दातांमध्ये धरून चावलं की जिथे जास्त टेकतं तिथे निळा ठिपका उमटतो. खालच्या उजव्या दाढेवर मोठा ठिपका आला. मी कानस लावली. दोनदा घासल्यावर मास्तरांनी हात पुढे केला. “दे इकडे. तू अजून घाई करतोस.” कवळी उजेडाकडे धरून त्यांनी स्वतःच तीन-चार हात मारले. हात थरथरत होता, कानस थरथरत नव्हती.

कवळी तोंडात घालून त्यांनी जबडा हलवला. “आता बरं. डबा दे गं टोस्टचा.”

“आत्ताच खाल्लंत,” काकू म्हणाल्या.

“खायला नाही. ऐकायला.”

“नंतर ऐका. आधी त्याला बसू तरी द्या.”

मी बसलो. काय चाललंय, किती माणसं आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आणि मग, सांगायचं नव्हतं तरी, उद्याच्या वर्गाचं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

“तिथेच? त्याच बाई? अरे मग ती शिक्षिकाबाईंची कवळी असेल की अजून त्या कपाटात. बघ उद्या. मेण पिवळं पडलं असेल, पण दात नीट असतील. मी शेवटी जरा घट्टच बसवले होते, हातोहात फिरणार म्हणून.”

मी खिशातला निळा कागद काढून घडी घातली, उलगडली.

“मास्तर, ती कपाटात ठेवली नव्हती. माझ्या डिकीत वितळली. त्याच दिवशी.”

“वितळली?” त्यांनी खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं. “मेणच ते. उन्हात काय करणार. पण वर्गाने बघितली ना?”

“बघितली.”

“काय म्हणाले?”

“वेळ फार लागतो म्हणाले.”

“लागतोच.”

“नाही लागत. तुमचं पावणेदोन तासांत झालं होतं. तुम्ही मागे रेललात, चाकू पुसलात, तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं. पुढचं सगळं तुम्ही माझ्यासाठी केलंत. ते मला माहीत होतं. तरी मी तीन चाळीस लिहिलं.”

आत नळ वाहत होता, तो बंद झाला.

मास्तर माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडे बघत होते. ते हात त्यांनी मांडीवर पालथे ठेवले होते.

“भिंतीवर लावला होतास तू तो कागद,” ते म्हणाले.

“हो.”

“माझ्या स्टुलाच्या बरोबर समोर.”

“हो.”

“मी त्याआधी कधी मोजलंच नव्हतं. मला वाटलं, एवढा वेळ लागत असेल आपल्याला नेहमी. आपल्याला कळत नसेल. तुझ्या पट्टीवर माझा हात चालेना, तेव्हा मनात म्हटलं, बरोबर आहे. समोर लिहिलंच आहे. संपला आपला हात.”

“मास्तर—”

त्यांनी हात वर केला. मग अंगठ्याने आधी खालची कवळी काढली, मग वरची. रुमालाने पुसल्या आणि खिडकीतल्या पाण्याच्या वाटीत ठेवल्या. गाल आत गेले. आता ते पुन्हा केस ११८ झाले. त्या तोंडाने ते बोलले ते मला नीट कळलं.

“साचे परत पाठव. दोन्ही.”

“जुनाही?”

“तोच आधी. तुझ्या फळीवर नको.”

दारापर्यंत काकू आल्या. त्यांनी दार हळू ओढून घेतलं, मास्तरांना ऐकू जाऊ नये इतकं.

“तुझ्याकडून घरी आले ना, तेव्हा वर्षभर सगळ्याची मिनिटं मोजायचे,” त्या म्हणाल्या. “दाढी किती मिनिटांत झाली, बुटाची नाडी किती वेळात बांधली. मला सांगायचे, आज एक मिनिट कमी लागलं. मी म्हणायची, कुठे गाडी पकडायचीय तुम्हाला? मला वाटलं, रिकामा माणूस करतो असलं काहीतरी.”

*

शनिवारी अकराला मी वर्गात होतो. कापडी पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन साचे पायाशी ठेवले. तीसेक माणसं होती. बाईंनी माझी ओळख करून दिली, लॅबचे मजले आणि माणसं सांगितली, आणि खडू माझ्या हातात दिला.

मी जुना तक्ता फळ्यावर काढला : केस कधी आली, दात किती वेळात बसले, पाच दिवसांनी कशी गेली. फक्त तीन तास चाळीसच्या जागी एक तास पंचेचाळीस लिहिलं.

“सर, बाईंनी आम्हाला तीन चाळीस सांगितलं होतं,” पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

“ते मी चुकीचं लिहिलं होतं. खरा आकडा हा.”

दुसऱ्या रांगेत ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवणारी एक बाई होती. तिने वहीत काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं.

“मग जमत नाही सर. पावणेदोन तास दात, वर पॉलिश-बिलिश धरून एक दिवस. आणि तुमची केस पाच दिवसांनी जायची म्हणता. मधले दिवस ती होती कुठे?”

“माझ्या टेबलावर.”

“काय करत होती?”

“पडून होती. कुठली आधी द्यायची ते मला ठरवता येत नव्हतं.”

“मग टेबल आवरायचं की,” ती म्हणाली. “त्या माणसाला कशाला बदललं?”

काही जण हसले. तिने मस्करीत विचारलं नव्हतं, ती उत्तराची वाट बघत पेन धरून बसली होती. मी खडू खाली ठेवला.

“मी इथे तुमच्यासारखाच बसलो होतो,” मी म्हणालो. “गृहपाठ चांगला दिसावा म्हणून.”

तिने ते वहीत लिहून घेतलं की नाही ते मी पाहिलं नाही.

बाईंनी घसा खाकरला आणि सगळ्यांना आकडेवारी जपून घ्यायचं महत्त्व सांगितलं. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “प्रामाणिकपणा चांगलाच आहे हो. पण नवी माणसं गोंधळतात. पुढच्या वेळी लॅब कशी वाढली तेवढंच सांगा.” डस्टर घेऊन त्यांनी फळा स्वतः पुसला.

तिथून मी मास्तरांकडे गेलो. दीड वाजला होता. काकूंनी दार उघडलं, पण पुरतं नाही. त्या फटीतच उभ्या राहिल्या.

“झोपलेत.”

मी पिशवी पुढे केली. त्यांना ती एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं, हात खाली गेला. मी खालून आधार दिला.

“प्लॅस्टर आहे. आदळू देऊ नका.”

“बरं.”

आणखी काही बोलायचं का, म्हणून मी उभा राहिलो. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग टोस्ट मोडल्याचा. काकूंनी नजर पिशवीकडे वळवली. त्यांनी दार लावलं नाही, मीही हललो नाही.

आत एकदा चावल्याचा आवाज झाला. मग शांतता. मग दुसऱ्या बाजूने.

दोन्ही आवाज सारखे होते. काकूंनी दार लावलं.